विद्येचें कर्ज आणि कर्जाचा स्वभाव

गेल्या महिन्यांत माझ्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचें इंग्लंडहून पत्र आलें. हा माझा पुतण्या वीस-बावीस वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त तिकडे गेला, तेथेंच स्थायिक झाला, आणि त्याची कन्या तेथेंच जन्मून आतां सतरा वर्षांची झाली आहे. मुलगी बुद्धिमान आहे; वाचनाचा नाद तिला लहानपणापासूनचा. विद्यापीठांत जाऊन इंग्रजी वाङ्मयाची पदवी घ्यावयाची असा तिचा निश्चय आहे. पुतण्या लिहितो, "आप्पाकाका, तीन वर्षांत पोरीच्या डोक्यावर साठ हजार पौंडांचें कर्ज होईल, आणि हातांत काय, तर कवितांची पदवी! माझी छाती होत नाहीं. संगणकशास्त्र घे म्हणून सांगितलें तर ती रडते. मनांत येतें कीं वाईच्या वाड्यांतील माझा हिस्सा विकून टाकावा आणि तिची फी रोख भरून तिला ऋणमुक्त ठेवावें. आपण घरांतील वडील. आपण म्हणाल तसें करूं."

वडिलकीच्या नात्यानें सल्ला देणें ही गोष्ट आपल्याकडे फार सोपी मानली जाते. परंतु ज्या व्यवहाराची आपणांस माहिती नाहीं त्याविषयीं मत देणें म्हणजे न वाचलेल्या उत्तरपत्रिकेस गुण देण्यासारखेंच होय. चौतीस वर्षांच्या मास्तरकींत तें पाप मीं केलें नाहीं. आतां साठी उलटल्यावर कां करावें? म्हणून त्या देशच्या सरकारनें प्रसिद्ध केलेले नियम पुतण्याकडूनच मागविले, ते दोनदां वाचले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलों. त्यांतून जें हातीं लागलें तें या पानावर मांडतों. कारण आपल्या वाचकांपैकीं अनेकांचे आप्त परदेशीं आहेत, आणि त्याहूनही अधिक घरांतून मुलेंमुली तिकडे जाण्याच्या तयारींत आहेत. प्रश्न एका घरचा राहिलेला नाहीं.

आधीं माझ्या मनांतील पूर्वग्रह सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस माझे शब्द तोलून घेतां येतील. आमच्या आजोबांनीं दोन मुलींच्या लग्नांसाठीं सावकाराकडून रुपये काढले. व्याज वाढत गेलें आणि नदीकांठचें शेत गेलें. तेव्हांपासून 'कर्ज' हा शब्द आमच्या घरांत दुर्धर रोगाच्या नांवासारखा हळू आवाजांत उच्चारला जाई. मी मॅट्रिक झालों तेव्हां आमच्या हेडमास्तरांनीं वडिलांस सांगितलें कीं, मुलाला कॉलेजांत घाला, पतपेढीकडून थोडें कर्ज मिळेल. वडील म्हणाले, "कर्ज काढून पुस्तकें वाचावयाचीं नाहींत." मी संस्कृत पाठशाळेंत गेलों. तेथें विद्या फुकट होती आणि जेवणाची सोय पाठशाळेचीच होती. तेव्हां पुतण्याची भीति मला पत्र उघडतांच कळली. ती आमच्या रक्तांतलीच आहे.

आतां मूळ विषयाकडे वळतों.

इंग्लंडांत ही विद्यार्थ्याच्या कर्जाची रीत फार जुनी नाहीं. १९६२ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर पदवीसाठीं जाणाऱ्या विद्यार्थ्याची फी तेथील स्थानिक संस्था भरीत, आणि बेताच्या परिस्थितींतील मुलांस निर्वाहासाठीं अनुदानही देत. १९९० सालीं निर्वाहाकरितां कर्ज देण्याचा कायदा झाला. १९९८ सालीं दरसाल १,००० पौंडांपर्यंत फी बसली. ती २००६ सालीं ३,००० झाली, २०१२ सालीं एकदम ९,००० वर गेली, २०१७ सालीं ९,२५० आणि २०२५ सालीं ९,५३५. म्हणजे ज्या आजोबांनीं एक दमडी न देतां पदवी मिळविली, त्यांच्याच नातीनें ऋणको होऊन विद्यापीठाचा उंबरठा ओलांडावा असा काळ एका आयुष्यांत आला. स्कॉटलंडांत मात्र तेथील विद्यार्थ्याची फी सरकारच भरतें. म्हणून येथील विवेचन इंग्लंडपुरतेंच समजावें.

आतां साठ हजारांचा आकडा कसा होतो तो पाहूं. ९,५३५ पौंड फी तीन वर्षें भरली तर २८,६०५ होतात. घर सोडून लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यास २०२५-२६ या वर्षीं निर्वाहासाठीं जास्तींत जास्त १०,५४४ पौंड कर्ज मिळूं शकत होतें. त्याचे तीन वर्षांचे ३१,६३२. दोहोंची बेरीज ६०,२३७. घरचें उत्पन्न अधिक असेल तर निर्वाहाचें कर्ज कमी मिळतें आणि उरलेला भार आईबापांनीं उचलावा अशी अपेक्षा असते. पुतण्यानें सर्वांत मोठा आकडा धरला आहे. आपणही तोच धरूं, म्हणजे हिशेबांत आपण आपलीच फसवणूक केली असें होणार नाहीं.

साठ हजार पौंड म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें सावकाराची वही उभी राहते. परंतु नियम वाचीत गेलों तसतसें माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्याला ते लोक कर्ज म्हणतात त्याचा स्वभाव आपल्या ओळखीच्या कर्जाचा नाहीं. २०२३ च्या ऑगस्टपासून जे विद्यार्थी नव्यानें दाखल झाले त्यांच्यासाठीं नियम असे आहेत. ऋणकोचें वार्षिक वेतन २५,००० पौंडांच्या आंत असेल तोंवर त्यानें एक पैही द्यावयाची नाहीं. त्यावर जेवढें वेतन असेल तेवढ्याच भागावर शेकडा ९ प्रमाणें रक्कम कापली जाते, आणि तीही पगारांतूनच, कराबरोबर. व्याज महागाईच्या एका ठराविक निर्देशांकाइतकें. चाळीस वर्षांनंतर जें उरलें असेल तें माफ. ऋणको मृत्यु पावला तर कर्ज त्याच्याबरोबर संपतें. आईबापांवर किंवा मुलाबाळांवर तें येत नाहीं. जामीन नाहीं, तारण नाहीं. नोकरी गेली तर हप्ताही आपोआप थांबतो.

संस्कृत शिकलेल्या माणसास येथें आपलीं जुनीं शास्त्रें आठवल्यावांचून राहत नाहींत. दहा देऊन अकरा घेणाऱ्या सावकाराचा धंदा पाणिनीनें आपल्या सूत्रांत निंद्य म्हणून नोंदवून ठेवला आहे. आपल्या धर्मशास्त्रानें व्याजास दामदुपटीचें कुंपण घातलें होतें. एका वेळीं मागावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये असा तो नियम. परंतु त्याच शास्त्रानें पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें हें कर्तव्यही सांगितलें, आणि न्यायालयांनीं तें पिढ्यान्पिढ्या बजावलें. २००५ च्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्ती कायद्यानें नव्या ऋणांपुरता तो निर्बंध दूर केला. आपल्या मनांतून मात्र तो गेलेला नाहीं. आपण कर्ज म्हणतों तेव्हां 'जें पिढीला चिकटतें तें' असा अर्थ मनांत असतो. इंग्लंडांतील विद्यार्थ्याचें कर्ज पिढीला चिकटत नाहीं. तें केवळ त्या विद्यार्थ्याच्या मिळकतीला चिकटतें, आणि तेंही मिळकत एका पायरीवर चढली तरच. म्हणून तें नांवानें ऋण असलें तरी स्वभावानें एक प्रकारचा कर आहे.

स्वभाव कळला कीं हिशेब सोपा होतो. व्याज महागाईइतकेंच आहे, आणि २५,००० ची मर्यादाही २०२७ च्या एप्रिलपासून महागाईच्या मानानें वाढवावयाची असें ठरलेलें आहे. तेव्हां आजच्याच भावानें हिशेब केला तर व्याज शून्य धरण्यास स्थूलमानानें हरकत नाहीं. आमची मुलगी पुस्तकाच्या दुकानांत २४,००० पौंडांवर राहिली तर तिनें कांहींच द्यावयाचें नाहीं. ती ३२,००० वर स्थिरावली तर वरच्या ७,००० चे शेकडा ९ म्हणजे वर्षास ६३० पौंड. चाळीस वर्षांत २५,२००. उरलेले ३५,००० माफ. ती ४५,००० मिळवूं लागली तर वर्षास १,८०० देऊन सुमारें तेहतीस वर्षांत सर्व फेडील. आणि ७०,००० मिळविले तर वर्षास ४,०५० देऊन पंधरा वर्षांच्या आंत मोकळी होईल. प्रत्यक्षांत वेतन एकाच आंकड्यावर थांबत नाहीं, हें खरें. परंतु व्यवहाराची दिशा दिसण्यास एवढें पुरे आहे.

शिक्षकी पेशाचा माणूस म्हणून तेथील शिक्षकाचा पगार मीं मुद्दाम विचारून घेतला. लंडनबाहेर नव्या प्रशिक्षित शिक्षकाचें वेतन सप्टेंबर २०२५ पासून ३२,९१६ पौंड आहे. त्यांतून कर्जाचे म्हणून वर्षास ७१२, म्हणजे महिन्यास एकोणसाठ पौंड जातील. साध्या श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर तोच शिक्षक ४५,३५२ पौंडांपर्यंत पोंचतो. अर्थात् शिक्षिका व्हावयास पदवीनंतर आणखी एक वर्ष घालवावें लागतें, आणि त्या वर्षाचें कर्ज वेगळें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, मग हें कर्ज म्हणजे कामधेनूच कीं! तसें नाहीं. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट, पंचवीस हजारांचें हें छत्र फार पातळ आहे. एप्रिल २०२५ पासून तेथें एकवीस वर्षांवरील मजुराचें किमान वेतन तासास १२ पौंड २१ पेन्स ठरलें होतें. आठवड्यास चाळीस तास काम केलें तर त्याचे वर्षास सुमारें २५,४०० पौंड होतात. म्हणजे अगदीं किमान मजुरीवर राबणाराही त्या मर्यादेस शिवतो. तेव्हां 'चांगली मिळकत झाली तरच द्यावयाचें' हें वाक्य कानास गोड लागतें तितकें खरें नाहीं. दुसरी गोष्ट, मर्यादेवरील प्रत्येक पौंडांतून त्याच वर्षींच्या दरानें वीस पेन्स प्राप्तिकर, आठ पेन्स राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि नऊ पेन्स हें कर्ज, मिळून सदतीस पेन्स जातात. घर घ्यावयाचें, संसार मांडावयाचा, त्याच वयांत ही कातर चालते. तिसरी गोष्ट, चाळीस वर्षें! एकवीसाव्या वर्षीं पदवी घेणारी मुलगी साठी ओलांडीपर्यंत ऋणको. पूर्वीं, २०१२ पासूनच्या विद्यार्थ्यांस ही मुदत तीस वर्षांची होती. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कराराच्या अटी सरकार मागाहून बदलूं शकतें. २०१५ सालीं तेथील सरकारनें जुन्या ऋणकोंचीही तेव्हांची २१,००० ची मर्यादा पांच वर्षें आहे तशीच ठेवण्याचें जाहीर केलें. पुढें २०१८ सालीं ती पुनः २५,००० पर्यंत वाढविली. एकदां खालीं, एकदां वर. सही करणाऱ्यानें हें जाणूनच सही करावी.

आणि पांचवी एक रक्कम कोणीच कागदावर मांडीत नाहीं: तीन वर्षांत न मिळालेली मजुरी. अठरा ते वीस वर्षांच्या तरुणास तेथें २०२५ सालीं तासास किमान १० पौंड मिळत. आठवड्यास साडेसदतीस तास धरले तर वर्षास १९,५००, तीन वर्षांत ५८,५००. ही रक्कम कर्जाच्या आंकड्याला जवळजवळ बरोबरीची आहे. विद्येची खरी किंमत विचारावयाची तर दोन्ही पारड्यांत घातलीं पाहिजेत.

आतां उत्पन्नाची बाजू. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनें २०२० सालीं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. कर आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणें कर्जाचे हप्ते वजा जातां, पदवी घेतल्यामुळें जन्मभरांत पुरुषास सरासरी सुमारें १,३०,००० पौंड आणि स्त्रीस सुमारें १,००,००० पौंड अधिक मिळतात, असा तिचा निष्कर्ष होता. परंतु त्याच पाहणींत असेंही निघालें कीं, पांचांपैकीं जवळजवळ एकजण विद्यापीठांत गेला नसता तर पैशाच्या दृष्टीनें अधिक सुखी झाला असता. तेथील शिक्षणखातें विद्यापीठांच्या आणि करखात्याच्या नोंदी जोडून कोणत्या विषयाचे पदवीधर किती मिळवितात हें प्रसिद्ध करीत असतें. त्यांत वैद्यक आणि अर्थशास्त्र शिखराकडे, नाट्य आणि ललितकला तळाकडे, आणि इंग्रजी वाङ्मय मध्याच्या खालीं, परंतु तळापासून दूर, असें चित्र दिसतें.

सरासरीचा अर्थ मात्र नीट घ्यावा. वर्गाची सरासरी साठ गुण आली म्हणून प्रत्येक मुलास साठ मिळालेले नसतात, हें कोणत्याही मास्तरास सांगावें लागत नाहीं. जी मुलगी संगणकशास्त्र रडत घेईल ती त्या विषयाच्या सरासरीस पोंचेलच याची हमी कोण देणार? वर्गांत नावडता विषय गळ्यांत बांधलेली मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तीं पास होतात; पुढें जात नाहींत. आणि ज्यांनीं पदवी अर्धवट टाकली त्यांची स्थिति सर्वांत वाईट, कारण कर्ज राहतें आणि विद्या मात्र राहत नाहीं.

आणखी एक मुद्दा पुतण्याच्या ध्यानांत आला नव्हता. इंग्लंडांत फीची कमाल मर्यादा सर्व विषयांस एकच आहे. इंग्रजी घेतलें म्हणून कर्ज वाढत नाहीं आणि संगणकशास्त्र घेतलें म्हणून तें घटत नाहीं. म्हणून 'एवढें कर्ज करून इंग्रजी?' हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे. कर्ज दोहोंकडे सारखें. फरक उत्पन्नाचा; आणि उत्पन्न कमी झालें तर फेडही त्याच मानानें कमी होते. कर्ज हें विद्यापीठांत जावें कीं न जावें या प्रश्नांत मोजावें. कोणता विषय घ्यावा या प्रश्नांत त्याचा बागुलबुवा करूं नये.

विषयाची चिंता अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. २०२२ सालीं शेफील्ड हॅलम विद्यापीठानें इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी स्थगित केली. त्यानंतर ज्या कँटरबरीच्या यात्रेकरूंवर चॉसरनें काव्य लिहिलें त्याच गांवच्या कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठानें त्या विषयास २०२५ पासून नवे विद्यार्थी घेणें थांबविलें. ज्या देशाची भाषा त्याच देशांत तिच्या वाङ्मयाची ही दशा! आपल्याकडे संस्कृतच्या वर्गाची पटसंख्या पाहत माझें आयुष्य गेलें, त्यामुळें मला आश्चर्य वाटलें नाहीं, वाईट मात्र वाटलें. म्हणून विद्यापीठ निवडतांना तेथें तो विषय जोमानें चालला आहे कीं मोडकळीस आला आहे, किती विद्यार्थी पदवी पूर्ण करतात, पुढें काय करतात, हें पाहूनच पाऊल टाकावें.

आतां वाड्याच्या हिश्शाविषयीं. हिशेबाचा सारा उपयोग येथेंच आहे. पुतण्या वाडा विकून फी रोख भरील तर काय होईल? मुलगी पुढें ३२,००० वर राहिली तर ज्या साठ हजारांपैकीं तिला पंचवीस हजारच द्यावे लागले असते, ते सर्व साठ हजार बापानें आधींच देऊन टाकले असें होईल. जें ऋण अपयशाच्या वेळीं आपोआप हलकें व्हावें अशी योजना आहे, तें अगोदर फेडून टाकणें म्हणजे पाऊस न पडतांच छत्री मोडून टाकण्यासारखें आहे. मुलगी फार मोठी मिळकत करणार अशी खात्री असेल तरच रोख भरण्यांत कांहीं अर्थ. आणि तशी खात्री असेल तर मग वाडा विकण्याइतकी काळजी तरी कां? वाड्याचा हिस्सा हें निश्चित धन आहे. तें कर्ज अनिश्चित आहे. अनिश्चितासाठीं निश्चित सोडूं नये हें व्यवहारशास्त्राचें पहिलें सूत्र.

परंतु, वाचकहो, येथें एक सूचना अत्यंत आवश्यक आहे. नाहींतर हा लेख वाचून कोणी भलतेंच करावयाचा. वरील सारें विवेचन त्या देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलीस लागू आहे. पुण्याहून, नागपुराहून किंवा मडगांवाहून जाणाऱ्या मुलास तें लागू नाहीं. त्याला त्या सरकारचें कर्ज मिळत नाहीं. त्याच्या फीस वरील मर्यादाही नाहीं. त्याच वर्गांत, त्याच बांकावर बसून त्याला पुष्कळदां दुपटीहून अधिक फी द्यावी लागते. तो कर्ज काढतो तें येथील बँकेचें, आणि त्या कर्जाचा स्वभाव आमच्या आजोबांच्या सावकाराच्या अधिक जवळचा आहे. बाप सहऋणको असतो. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणें साडेसात लाखांवरील कर्जास बहुधा तारण लागतें, आणि तें तारण म्हणजे बहुधा राहतें घर. अभ्यासक्रम संपून एक वर्ष झालें कीं हप्ता सुरू. मुलास नोकरी लागो वा न लागो. व्याजावर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतींत आठ वर्षें सवलत मिळते, एवढाच काय तो दिलासा.

आणि नोकरी तिकडेच लागेल असें कोणी गृहीत धरूं नये. २०२१ सालीं त्या देशानें परदेशी पदवीधरांस दोन वर्षें राहून काम करण्याची मुभा दिली. ती अठरा महिन्यांवर आणण्याचें धोरण २०२५ सालीं जाहीर झालें. पुढें राहावयाचें तर कुशल कामगाराचा परवाना हवा, आणि जुलै २०२५ पासून त्यास साधारणपणें ४१,७०० पौंड, नवख्यास ३३,४०० पौंड वेतनाची अट आहे. वाङ्मयाच्या नव्या पदवीधरास पहिल्याच वर्षीं हें वेतन मिळणें सोपें नव्हे. मग तो परत येतो, रुपयांत मिळवितो आणि पौंडांच्या भावानें वाढलेलें कर्ज फेडीत बसतो. म्हणून येथून घर तारण ठेवून इंग्रजी वाङ्मयासाठीं इंग्लंडास मूल धाडणें, हें शिष्यवृत्ति मिळाल्याखेरीज करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. पदवी एकच, विद्यापीठ एकच. परंतु एकीकडे कर्ज मिळकतीच्या मागून चालतें आणि दुसरीकडे तें घराच्या दारांत बसतें. आंकडा पाहूं नये, स्वभाव पाहावा.

शेवटीं माझ्या एका हिशेबाबद्दल. निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यांत, हातांत वेळ होता म्हणून, मीं चौतीस वर्षांच्या माझ्या पगाराची आणि पदवीधर शिक्षकाच्या श्रेणीची तुलना करून पाहिली. जो फरक निघाला तो हेडमास्तरांनीं सुचविलेल्या त्या लहानशा कर्जाच्या कित्येक पट होता. वडिलांना मी दोष देत नाहीं. त्यांनीं शेत जातांना पाहिलें होतें. पाठशाळेनें मला जें दिलें तें कोणत्याही श्रेणींत मोजतां यावयाचें नाहीं, हेंही खरें. तरी एवढें मला त्या दिवशीं समजलें कीं, काढलेल्या कर्जास व्याज असतें, तसें न काढलेल्या कर्जासही असतें; तें फक्त कोणी वहींत लिहीत नाहीं. वैदिक वचनांत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें म्हटलें आहे, आणि त्यांतील ऋषींचें ऋण अध्ययनानेंच फिटतें. ऋण या शब्दाचा एवढा धसका घेतलेल्या आमच्या घराण्यास हेंही आठवावयास हवें होतें.

पुतण्यास मीं लिहिलें तें असें: "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. वाड्याचा हिस्सा विकूं नकोस. मुलीस तिच्या आवडीचा विषय घेऊं दे, आणि फीचें कर्ज तिच्या नांवें त्या सरकारचेंच घे. दुसऱ्या कोणाचें घेऊं नकोस. निर्वाहांत जी तूट पडेल ती तूं दरमहा पगारांतून भर. बापानें द्यावयाचें तें एवढेंच. विद्यापीठ तिनें चौकशी करून निवडावें. पदवी अर्धी टाकावयाची नाहीं हें तिच्याकडून कबूल करून घे. दुसऱ्या वर्षापासून तिनें शिकविण्याचें, छापखान्याचें किंवा ग्रंथालयाचें कांहीं प्रत्यक्ष काम अंगवळणीं पाडावें. आणि हप्त्याचा हिशेब तिनें स्वतः मांडून, स्वतः समजून, मगच सही करावी."

मुलीस निराळें पत्र लिहिलें. तींत उपदेश केला नाहीं. वरील कोष्टक स्वच्छ अक्षरांत उतरून दिलें आणि खालीं लिहिलें कीं, ३२,००० च्या ऐवजीं ३८,००० वेतन धरून चाळीस वर्षांचा आंकडा काढ आणि आप्पाआजोबांस कळव.

आठ दिवसांनीं तिचें उत्तर आलें. "आप्पाआजोबा, वर्षास १,१७० आणि चाळीस वर्षांत ४६,८००. बरोबर आहे का?" मराठी मोडकें होतें, गणित बरोबर होतें. तसें मीं तिला कळविलें आहे.